दुधाचं बिल, उसाचं बिल

विट्याहून एका मुलीने विचारलंय. दोन वर्षं ती घरून डिझाइनचं काम करते. लोगो, पाऊचची लेबलं, लग्नपत्रिका, दुकानांच्या पोस्ट. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, काम असलं की रात्री दोन-दोनपर्यंत बसते. काम पूर्ण करून दिलं की पुढचे आठ-पंधरा दिवस कॉम्प्युटर उघडावासाच वाटत नाही. २१ दिवसांचं चॅलेंज तीनदा केलं, तिन्ही वेळा नवव्या-दहाव्या दिवशी मोडलं. घरचे म्हणतात पुण्याला नोकरी बघ. माझ्यात शिस्तच नाही का? आणि एका भडंगवाल्याकडे चार महिन्यांपासून साडेसहा हजार अडकलेत, मागायची लाज वाटते."

माझ्या लेकीहून तू चार-पाच वर्षांनी मोठी असशील, म्हणून सरळ 'तू' म्हणते. मी सांगलीत २००४ साली एका प्रेसमध्ये लागले. चार वर्षं पेजमेकर, कोरल आणि श्री-लिपी या सॉफ्टवेअरवर दुसऱ्याची मॅटरं बसवली. २००८ पासून स्वतःचं करते. या काळात माझं सातत्य किती वेळा मोडलं त्याचा हिशेब नाही, त्यामुळे उपदेश म्हणून काही वाचू नकोस.

आधी शिस्तीचं. रात्री दोनला फायनल फाइल पाठवणाऱ्या मुलीत शिस्त नाही, हे मला पटत नाही. तुझं गाडं काम असताना अडत नाही. काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अडतं. त्या दिवशी तुझी वाट कुणीच बघत नसतं, आणि ज्याची वाट कुणी बघत नाही त्या माणसाला रोज दहाला खुर्चीत बसवणं नुसत्या मनाच्या जोरावर फार अवघड आहे. मला जमलं नाही. माझ्या ओळखीच्या कुणाला फार दिवस जमलेलं मी पाहिलं नाही.

माझं माहेर कसबे डिग्रज. वडिलांचा दोन एकर ऊस, बांधाकडेला थोडी हळद, आणि आईच्या दोन म्हशी. वडील कष्टाळूच होते, पण त्यांचं काम लाटेसारखं यायचं. लागण, भरणी, मग तोड आली की चार दिवस झोप नाही. मधले दिवस पारावर. आईचं तसं नव्हतं. पहाटे पाचला धार, संध्याकाळी पाचला धार. अंगात ताप असला तरी धार. लग्नाला मिरजेला गेली तरी जेवणाची पंगत बसायच्या आत निघायची. तिला कुणी "काय शिस्त आहे बाईची" म्हटलं असतं तर ती हसलीच असती. म्हैस हंबरायची, धार चुकली तर कासेला दगडी, म्हणजे सूज, व्हायची भीती असायची, आणि सहाला डेअरीवर दूध घालायचं असायचं. यात शिस्तीचा संबंध कुठे आला?

आणि दर दहा दिवसांनी दुधाचं बिल यायचं. किराणा, वह्या, डॉक्टर, पाहुण्यांचा चहा, सगळं त्यावर. उसाचं बिल मोठं, पण ते कधी येईल ते वडिलांच्या हातात नव्हतं. कायदा सांगतो ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे तसा. आमच्या घरी मात्र ते हप्त्याहप्त्यानेच आलेलं मला आठवतं, आणि आलं की आधी सोसायटीच्या कर्जाला जायचं. ऊस मोठी कामं करायचा, घर म्हशी चालवायच्या.

तुझ्या धंद्यात नुसता ऊस आहे. एक मोठं काम येतं, तू त्यात बुडतेस, पैसे येतात किंवा अडकतात, मग पुन्हा रिकामं शेत. म्हणून माझं पहिलं सांगणं वेळापत्रकाचं नाही, अ‍ॅपचं नाही, पहाटे उठण्याचंही नाही. दोन म्हशी बांध.

म्हैस म्हणजे असं छोटं काम, जे दर आठवड्याला ठरल्या वारी द्यावंच लागतं आणि ज्याचे महिन्याला ठरलेले पैसे येतात. माझी पहिली म्हैस मार्केट यार्डाजवळचा एक मसालेवाला. हळद, चटणी, गरम मसाला. दर सोमवारी त्याच्या लेबलांवर काहीतरी बदल असतोच. एमआरपी बदलली, १०० ग्रॅमचं पाकीट ९० चं झालं, नवीन बारकोड, एखादं राज्य वाढलं की तिथल्या भाषेतलं नाव. महिन्याला २,००० रुपयांनी २०११ मध्ये सुरू केलं होतं. त्या कामातून मला आजवर एकही नवी कल्पना सुचलेली नाही, इतकं ते रटाळ आहे. पण सोमवारी दहाला त्याचा माणूस फोन करतो, म्हणून सोमवारी दहाला मी बसलेली असते. आणि एकदा कॉम्प्युटर चालू झाला की अकराला मी दुसरं काहीतरी उघडतेच. माझ्या आठवड्याला सोमवार त्या हळदवाल्याने दिला.

अशी कामं तुझ्या आसपास आहेत. क्लासवाले, पतसंस्था, बेकरी, दवाखाना, कापडदुकान. मागायची वेळ मात्र एकच चांगली: एखादं काम त्यांच्या मनासारखं झालं, हातात छापून आलं, तो दिवस. "साहेब, दर वेळी नवीन दर बोलण्यापेक्षा महिन्याचं ठरवून घेऊ या का?" एवढं म्हणायचं. मग तिथेच लिहून काढायचं. महिन्याला किती पोस्ट, मॅटर कोणत्या वारापर्यंत यायला हवं, करेक्शन किती वेळा. मी दोनदा करेक्शन धरते, तिसऱ्यापासून पैसे. "ताई, फक्त एवढंच" या तीन शब्दांनी जितके दिवस खाल्ले तितके मोबाइलनेही खाल्ले नसतील.

दोन, फार तर तीन. मी एकदा सहा घेतल्या होत्या. तेव्हा ऊस लावायला वेळच उरला नाही, आणि नवीन शिकणं दीड वर्ष बंद पडलं. शिवाय एकाच गिऱ्हाइकाकडून एक तृतीयांशापेक्षा जास्त पैसे येत असतील तर सावध हो. त्याने हात काढला तर तू थेट रस्त्यावर. आणि "कधीही फोन केला तरी घ्यायचा" म्हणणाऱ्याला गोड बोलून नाही म्हण.

आता ते २१ दिवसांचं. हा आकडा मुळात सवयीच्या अभ्यासातून आलेलाच नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं, १९६० च्या सुमाराचं. पुढे 'किमान' आणि 'साधारण' दोन्ही गळून पडले आणि आकडा तेवढा उरला. खरा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ९६ माणसं, १२ आठवडे, प्रत्येकाने रोजची एक छोटी गोष्ट निवडायची. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ पर्यंत. तुझ्या कामाचा भाग पुढे आहे: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे नवव्या दिवशी तुझं काहीच मोडलं नव्हतं. दहाव्या दिवशी तू "आता गेलंच" म्हणून सोडून दिलंस, तिथे मोडलं.

मी वहीत दोनच गोष्टी लिहिते. किती वाजता बसले आणि पहिलं काय उघडलं. किती काम झालं ते लिहीत नाही. डिझाइनमध्ये एखाद्या दिवशी चार तासांत काही निघत नाही आणि दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटांत लोगो होतो. मोजायचंच तर बसणं मोज, ते आपल्या हातात आहे. वही एखाद्या दिवशी कोरी राहिली तर कोरीच ठेव, मागाहून भरू नको. माझ्या वहीत दर महिन्याला तीन-चार कोऱ्या ओळी असतात आणि तरी घर चाललंय.

एक गोष्ट आईकडून नकळत आली. ती रात्री झोपण्याआधी दुधाला विरजण लावायची. सकाळी दही तयार. मी काम बंद करताना तेच करते. हातातली गोष्ट पूर्ण करून उठायचा मोह टाळते. एखादी फाइल अर्धी सोडते, आणि कागदाच्या चिठ्ठीवर उद्याची पहिली कृती लिहून कीबोर्डवर ठेवते. 'लेबलचं काम' असं लिहून उपयोग नाही. 'काजूच्या पाऊचची मागची बाजू, पोषणाचा तक्ता बसवणे' असं. सकाळी मन चुकारपणा करायला बघतं, पण इतकं छोटं काम समोर असलं की त्याला सबब सापडत नाही. कोरा आर्टबोर्ड, म्हणजे डिझाइनचं कोरं पान, सकाळी उघडणं म्हणजे विरजण न लावता दही शोधणं.

आता तुझा खरा दुखरा दिवस, मोठ्या कामानंतरचा. हे जरा नीट सांगते, कारण माझंही इथेच मोडायचं.

आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे संस्थांचे अहवाल. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला लागते, त्यामुळे सोसायटी, पतसंस्था, दूध संस्था, सगळ्यांचे ताळेबंद आणि अध्यक्षांचे फोटो एकाच वेळी येऊन पडतात. पहिली चार-पाच वर्षं मी या दोन महिन्यांत वर्षाचे निम्मे पैसे कमवायची आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा अंथरुणात काढायची. झोप म्हणावी तर झोप नाही, सुट्टी म्हणावी तर आनंद नाही. मोबाइल हातात आणि डोक्यात अपराधी वाटणं. नेमके तेच दिवस दिवाळीच्या कामांचे. बाकीचे डिझायनर फराळाच्या खोक्यांची कामं घेऊन मोकळे व्हायचे आणि मी नोव्हेंबरमध्ये गिऱ्हाइकं शोधत फिरायची.

त्यावर उपाय सापडला तो हुशारीने नाही, आळसाने. एका वर्षी शेवटचा अहवाल रात्री प्रेसला पाठवला आणि बिल करायचाच कंटाळा केला. सकाळी उठून बिल करावंच लागलं. बिल करायला बसले, मग फाइली एका जागी लावल्या, मग प्रेसला फोन करून दोन नमुना प्रती बाजूला ठेवायला सांगितल्या, मग एका जुन्या गिऱ्हाइकाला दिवाळीचं विचारलं. दीड तास गेला आणि अंथरूण सुटलं. तेव्हापासून मी ही किरकोळ कामं मुद्दाम उरवते. फायनल गेली त्या रात्री काही करायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बिल, फाइलींची आवराआवर, बॅकअप, नमुना प्रती, आणि एक फोन. डोकं लागत नाही, हात चालतात. मग दुपारी झोप खुशाल. हवे तर पुढचे दोन दिवस सुट्टी घे, पण परत कधी बसणार तो वार आणि ती वेळ आधी त्या वहीत लिहून. मी मोठ्या कामानंतरची सुट्टी काम घेतानाच लिहून टाकते. शक्यतो सोमवारच्या आदल्या दोन दिवसांत. कारण सोमवारी हळदवाला फोन करणारच.

वर्षाचंही तसंच. आपल्या भागात डिझाइनच्या कामाला हंगाम आहे, तो ओळखला की निम्मी घालमेल थांबते. जूनमध्ये शाळा-क्लासची माहितीपत्रकं. मग अहवाल, त्यातच गणपती मंडळांच्या पावत्या आणि फ्लेक्स. दसरा-दिवाळी. डिसेंबरात कॅलेंडर. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका. फेब्रुवारीपासून तासगावचा नवा बेदाणा आणि सांगलीची नवी हळद यायला लागते, तेव्हा खोकी आणि पाऊच. आषाढात लग्न नाही, खरेदी नाही, काही नाही. तुझ्याकडे काम नसतं ते दिवस कोणत्या महिन्यात येतात ते एकदा बघ. आषाढात असेल तर दोष तुझा नाही, पंचांगाचा आहे. त्या दिवसांत मी नव्या गिऱ्हाइकाची वाटच बघत नाही. फाँट नीट लावते, जुन्या कामांतून दहा चांगली निवडून पीडीएफ करते, खाण्याच्या पाकिटांवर काय छापणं बंधनकारक आहे ते पुन्हा वाचते. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ आकडी क्रमांक विसरून छापलेली पाच हजार पाकिटं मी एका गिऱ्हाइकाच्या गोडाऊनमध्ये पाहिली आहेत. तो क्रमांक आधी विचारणारी डिझायनर गिऱ्हाइकाच्या लक्षात राहते.

सगळंच हातात नसतं, हेही सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर राहत होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराच्या धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. २००५ ला जिथे आलं नव्हतं तिथे येणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. मी कॉम्प्युटर माळ्यावर चढवला आणि बॅकअपची डिस्क खालच्या कपाटात विसरले. कॉम्प्युटर वाचला, पण दहा वर्षांच्या जुन्या कामांची डिस्क चिखलात गेली. ज्या संस्थांचे अहवाल करायचे होते त्यांचीच दप्तरं भिजली होती. जवळजवळ दोन महिने माझ्याकडे मोठं काम नव्हतं आणि करायची इच्छाही नव्हती. त्यातून मला ओढून काढलं ते हळदवाल्याने. पाणी उतरल्यावरच्या दुसऱ्या का तिसऱ्या सोमवारी त्याचा फोन, "मॅडम, चटणीचं लेबल." विश्रामबागेत मैत्रिणीच्या घरी तिच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर बसून मी ते ४० मिनिटांचं काम केलं. पैसे नेहमीचेच. पण त्या दिवसापासून मी पुन्हा कामाला लागले. तेव्हापासून एक डिस्क घरी, एक मिरजेला बहिणीकडे, आणि चालू कामं ऑनलाइन ड्राइव्हवर. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा निदान ती काळजी नव्हती.

तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे की घरात "ती घरीच असते की" हे वाक्य रोज ऐकायला मिळत असणार. सिलिंडर घे, बँकेत जा, मावशी आल्यात चहा ठेव. समजावून सांगण्याचा फार उपयोग होत नाही, कारण त्यांना तू काम करताना दिसत नाहीस, मोबाइल आणि स्क्रीन बघताना दिसतेस. मी दीड वर्ष एका अभ्यासिकेत जागा घेतली होती. एमपीएससीवाल्या पोरापोरींच्या मधे, महिना ७०० रुपये. सगळे मान खाली घालून बसलेले, तिथे आपल्यालाही लाज वाटते उठायची. फोन घेता येत नाही, ही अडचण नाही, सोय आहे. मी बाराला खाली येऊन सगळे फोन एकदम करायची. विट्यात अशा अभ्यासिका नक्की असतील. दहा ते एक तिथे जा, डबा घरी. बाई पिशवी घेऊन बाहेर पडली की घराला ते काम वाटतं, काय करणार.

आता पैसे. पैशांची ओढाताण असली की सातत्याच्या गप्पा व्यर्थ आहेत, म्हणून हे टाळू नको. गेल्या १२ महिन्यांत खात्यात प्रत्यक्ष किती आले ते महिन्यावार लिही. बिल कधी केलं ते नाही, पैसे आले कधी ते. समज एकूण २,८८,००० आले. सरासरी महिना २४,०००. बहुतेक जण या सरासरीवर खर्च धरतात आणि फसतात, कारण त्यातले तीन महिने ६, ९ आणि १२ हजारांचे असतात. तू स्वतःला १५,००० पगार दे. सगळे पैसे एका खात्यात घे, आणि एक तारखेला त्यातून घरखर्चाच्या खात्यात १५,००० टाक, महिना कसाही गेलेला असो. उरलेल्यातून आधी तीन पगारांइतके, म्हणजे ४५,००० साठव. मग इंटरनेट, सॉफ्टवेअर, मशीनची दुरुस्ती. साठा भरला की पगार दोन हजारांनी वाढव. ६ हजारांच्या महिन्यातही एक तारखेला १५ हजार आले की माणूस भलत्या दरात भलतं काम धरत नाही. वाईट काम घाबरून घेतलेलं असतं, आणि घाबरून घेतलेल्या कामाला बसायचा कंटाळा येतो, हे तू अनुभवलं असशील.

कामाआधी निम्मे घे. नवीन माणूस असेल तर त्याशिवाय फाइल उघडू नको. ओपन फाइल, म्हणजे ज्यात बदल करता येतात ती, पूर्ण पैसे आल्यावर. कंपनीने बिलातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला तर ते पैसे गेले असं समजू नको. ते तुझ्या पॅनवर जमा असतात, रिटर्न भरलंस आणि तुझा कर तेवढा होत नसेल तर परत येतात. तालुक्याच्या ठिकाणची बरीच मुलं हे पैसे वर्षानुवर्षं सोडून देतात.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, कर. २०२० च्या जुलैपासून ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. त्याचे पाचशे रुपये मागणाऱ्याच्या दारात जाऊ नको. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरवली तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. साडेसहा हजारांसाठी तू तक्रार घेऊन जाणार नाहीस, मीही कधी गेले नाही. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि '१५ दिवसांत देय' ही ओळ छापायला लागल्यापासून कंपन्यांच्या अकाउंट्सवाल्यांचा सूर बदलला, कारण असे पैसे वेळेत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात त्यांना तो खर्च दाखवता येत नाही. भडंगवाल्यावर या ओळीचा परिणाम शून्य. त्याच्याकडे वेगळं बोलावं लागतं, ते शेवटी सांगते.

पुण्याच्या नोकरीचं. शिस्त नाही म्हणून जाऊ नको, तो इलाज नाही. तिथे म्हैस मालकाची असते, एवढाच फरक. पण तू कधीच कुणाच्या हाताखाली काम केलं नसशील तर एखादं-दीड वर्ष जरूर कर. पुणं कशाला, सांगली-कोल्हापूरची चांगली प्रेस चालेल. मला प्रेसमध्ये जे मिळालं ते कुठल्या व्हिडिओत नाही. रंग कागदावर किती बसतो, कटिंगला किती जागा सोडायची, प्लेट वाया गेली की मालक काय बोलतो. कॅनव्हावर आज दुकानदार स्वतःच पोस्ट करतो, पुढे मशीनच करेल. छापायला गेलेली फाइल न अडखळता छापून यावी यासाठी तो अजून तुझ्या-माझ्याकडे येतो. ते शिकायला नोकरी घेत असशील तर घरच्यांचं ऐक. जाताना एक म्हैस मात्र विकू नको, रविवारची का होईना, चालू ठेव.

आता भडंगवाला. लाज तुला वाटते, कारण तू त्याला पैसे 'मागते' आहेस असं तुला वाटतं. त्याने तुझ्या लेबलात भडंग भरून चार महिने विकलंय. फोन करू नको, फोनवर तू मऊ पडशील आणि तो "पुढच्या आठवड्यात" म्हणेल. बिलाचा फोटो आणि त्याखाली एवढंच लिही:

"नमस्कार काका. भडंगच्या लेबलांचे ६,५०० रुपये बाकी आहेत, बिल सोबत पाठवते. एकदम जमत नसेल तर या शनिवारी ३,५०० आणि पुढच्या शनिवारी ३,००० पाठवा. दिवाळीच्या पाकिटाचं काम त्यानंतर लगेच हातात घेते."

सकाळी अकरा ते साडेअकराच्या मधे पाठव. तोवर दुकान उघडून बोहनी झालेली असते.